झिजलेली बाजू

आमच्याकडे माणूस गेलं, दिवसकार्य उरकलं, की दोन विषय निघतात: जागा आणि दागिने. भांड्यांपर्यंत येईस्तोवर निम्म्या नातेवाइकांचा एकमेकांशी अबोला सुरू झालेला असतो. आत्याच्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही. तिचा वाडा बिल्डरकडे कधीच गेला होता, नव्या इमारतीतली जागा कुणाची हे तिने लिहून ठेवलं होतं आणि दागिने तर जिवंतपणीच वाटून मोकळी झाली होती. उरल्या रेकॉर्ड्स. तीनशेच्या वर. त्यांच्यावरून भांडण सोडाच, कुणी साधं खाकरलंसुद्धा नाही. दोघातिघांनी भांडून मागितल्या असत्या तर मी उदारपणे सोडूनही दिल्या असत्या. पण सगळे माझ्याकडे बघून म्हणाले, "तू लहानपणी गाण्याच्या क्लासला जायचीस ना?" चौथीत असताना शिकलेल्या भूपाच्या सरगमीची वसुली इतक्या वर्षांनी होईल असं वाटलं नव्हतं.

रेकॉर्ड ही दिसते तेवढी हलकी वस्तू नाही. एक एल.पी., म्हणजे लाँग प्ले, कव्हरसकट पावशेराच्या आतबाहेर भरते, म्हणजे एकूण ऐवज सत्तरएक किलोंचा. शिवाय जुन्या ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, तबकड्या वेगळ्या. त्या लाखेच्या, हातातून सुटल्या की बशीसारख्या फुटणाऱ्या. सदाशिव पेठेतून कोथरूडला आणताना टेम्पोवाल्याने "पुस्तकं का?" म्हणून विचारलं आणि मी हो म्हटलं. पुस्तकं आडवी टाकली तरी चालतात, रेकॉर्ड्स उभ्याच ठेवाव्या लागतात. एकावर एक रचल्या तर खालच्या वजनाने वाकतात, आणि बंद गाडीत एप्रिलच्या उन्हात राहिल्या तर सगळ्याच. पावसाळ्यात कव्हरला बुरशी धरते. थोडक्यात, त्यांना माळ्यावर टाकून विसरता येत नाही. आमच्या दोन बेडरूमच्या घरात विसरता न येणारी वस्तू ठेवायची कुठे, हा नवऱ्याचा प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता.

सल्ले मात्र भरपूर आले. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकीने रेकॉर्ड गरम करून तिचं फळांचं भांडं कसं करतात त्याचा व्हिडिओ पाठवला. मी तो पुसून टाकला, आणि तिच्याकडे हळदीकुंकवाला जायचं की नाही यावर अजून विचार चालू आहे. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी नेऊन बसव, असं शेजारचे काका म्हणाले. परदेशातला दादा म्हणाला, "डिजिटाइझ कर आणि यूट्यूबवर टाक. संपला विषय."

परदेशात बसून विषय फार लवकर संपतात. रेकॉर्ड काही पेन ड्राइव्हसारखी एका झटक्यात उतरवून घेता येत नाही. ती जेवढा वेळ वाजते तेवढाच वेळ घेते. एका एल.पी.ला पाऊण तास या हिशेबाने तीनशे एल.पी. म्हणजे सव्वादोनशे तास, मध्ये उठून बाजू उलटायची ती वेगळीच. स्वतःपुरतं उतरवायला हरकत नाही, पण चारचौघांसाठी टाकायचं म्हटलं की कायदा आडवा येतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षांचा. तो संपला तरी शब्दांचा आणि चालीचा हक्क निराळा, तो कर्ता गेल्यानंतर ६० वर्षांनी सुटतो. गीतरामायण पुणे आकाशवाणीवर १९५५ साली सुरू झालं; गदिमा १९७७ साली गेले. म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ साल सरेपर्यंत शाबूत. चाली देणारे बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, २००२ साली गेले, म्हणजे चालींचा हिशोब २०६२ पर्यंत. हे मी दादाला सविस्तर लिहून पाठवलं. त्याने अंगठा पाठवला.

खरी अडचण जागेची नव्हती आणि कायद्याचीही नव्हती. मला यातलं निम्मं आवडत नाही, ही होती. वारशात आलेली चांदीची वाटी आवडायची गरज नसते, ती चांदीची असते तेवढं पुरतं. पण रेकॉर्ड्सचा संग्रह म्हणजे कुणीतरी दुकानात उभं राहून, पगाराकडे बघून, हे हवं आणि ते नको असं शेकडो वेळा ठरवलेलं असतं. मला वस्तू मिळाल्या, ते 'हवं' नाही मिळालं. नाट्यसंगीत मला चालतं, ख्याल तब्येत असेल तर. पण व्हायोलिनवर वाजवलेली सिनेमाची गाणी? हवाइयन गिटारवर तीच गाणी? आणि पुन्हा इलेक्ट्रिक ऑर्गनवर? आत्यासारख्या करड्या बाईने ही कशाला घेतली असतील हे मला कळेना.

आत्याने याची वही ठेवली होती. शंभर पानी, कव्हर घातलेली. कोणती रेकॉर्ड, कधी घेतली, कुठून, आणि शेवटच्या रकान्यात 'नेली' आणि 'आणली'. कुणी नेली त्याचं आडनाव आणि पेठ. आत्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. ट्रंक कॉलच्या काळात अर्ध्या पुण्याचं बोलणं जोडून दिलेली बाई. कोण कुठे राहतं हे तिला पाठ असणारच. काही ओळींत 'नेली' आहे, 'आणली' नाही, आणि तिथे लाल शाईची फुली. लग्न न केलेल्या बाईचा इतका मोठा गोतावळा होता आणि तो सगळा रेकॉर्ड्सच्या निमित्ताने घरी येत-जात होता, हे मला वहीतून कळलं. आम्ही जायचो ते दिवाळीला आणि भाऊबीजेला. तेव्हा प्लेअरवर क्रोशाचं झाकण असायचं.

शेवटी एका जुन्या रेकॉर्डवाल्याला घरी बोलावलं. वयाने सत्तरीपुढचा, हातात छोटी टॉर्च. मला वाटलं गायकांची नावं वाचेल, एखादं बघून डोळे मिटेल. त्याने नावं वाचलीच नाहीत. रेकॉर्ड बाहेर काढायची, तळहात आणि अंगठा यांच्या मध्ये तोलायची, टॉर्चचा उजेड तिरपा पाडायचा, आत सरकवायची. तीन गठ्ठे पडत गेले.

"गायक नंतर, ताई. आधी बाजू बघायची," तो म्हणाला. मग भीमसेन जोशींची एक एल.पी. माझ्यापुढे धरली. "ही बघा. करडी पडलीय. वाजवून वाजवून खलास केलीय बाईंनी."

त्या काळचे घरगुती प्लेअर जड हाताचे. सुईवर वजन जास्त, सुई वेळेवर बदलायची तर पैसे जास्त. त्यामुळे ज्याच्यावर प्रेम तीच रेकॉर्ड आधी झिजायची. काळी कुळकुळीत चकाकी जाऊन रेघांवर राखेचा रंग येतो. आणि झीज सगळीकडे सारखी दिसत नाही. तबकडी सारख्याच फेऱ्या घेते, पण सुई मध्याकडे सरकते तसा वर्तुळाचा घेर लहान होतो. शेवटच्या रेघांवर सुईखालून जाणारा वेग सुरुवातीच्या निम्म्याहूनही कमी उरतो, आवाज दाटीवाटीने बसवावा लागतो आणि चरचर तिथेच आधी सुरू होते. आता ख्यालाचा विचार करा. संथ विलंबित सुरुवातीच्या ऐसपैस रेघांवर, आणि जलद द्रुत, ताना, ज्यासाठी आपण खुर्चीच्या टोकाला येऊन बसतो ते सगळं आतल्या अडचणीच्या जागेत. ज्याने कुणी हे यंत्र बेतलं, त्याच्यासमोर आपली मैफल नव्हती. तरी तासाभराचा राग तीन मिनिटांत गाऊन दाखवणाऱ्यांनी पुढे वीस-बावीस मिनिटं मिळाली तेव्हा तक्रार केली नसेल. अब्दुल करीम खाँसाहेबांची ओडियनवरची एक तबकडी आत्याकडे आहे. त्या तीन मिनिटांत घाई कुठेही ऐकू येत नाही, हे आजही मला न उलगडलेलं कोडं आहे.

रेकॉर्डवाल्याने किमतीचा गठ्ठा बाजूला काढला, तो बघून मला हसू आलं. हवाइयन गिटार, ऑर्गन, व्हायोलिन. "ही न वाजलेली आहेत. एकदम कोरी. कुणी प्रेझेंट दिली असणार." वहीत बघितलं तर खरंच: कुणाच्या लग्नाची परतभेट, ऑफिसच्या निरोप समारंभाची भेट, मामांनी मुंबईहून आणलेली. आत्याने एकेकदा ऐकून, किंवा न ऐकताच, ठेवून दिलेली. मग त्याने आवाज खाली आणून विचारलं, "ते सिंथेसायझरवालं डिस्को नाही ना तुमच्याकडे?" म्हणजे चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले ते. निघाली तेव्हा ती एल.पी. फारशी कुणी विचारली नाही. वीस वर्षांनी एका डच संग्राहकाला सापडली आणि युरोपातल्या नाचणाऱ्या मंडळींना अचानक ती आपल्या संगीताची पूर्वज वाटू लागली. आमच्याकडे नव्हती. त्याचा चेहरा पडला. गीतरामायणाचा संच त्याने न उघडताच माझ्याकडे सरकवला. "हा पुण्यात सगळ्यांकडे असतो."

तर मामला असा होता. बाजाराला हवी होती ती आत्याने न ऐकलेली. तिने ऐकून ऐकून करडी केलेली कुणालाच नको होती. माझा निम्मा प्रश्न त्या टॉर्चनेच सोडवला. ऑर्गन आणि गिटार मी हसत दिली. घासाघीस केली ती केवळ पुण्याची अब्रू राखायला.

राहिलेल्या मी एकेक करून उजेडात धरल्या. एल.पी.वर पुष्कळदा एका बाजूला सकाळचा राग आणि दुसऱ्या बाजूला संध्याकाळचा अशी जोडी असते. आत्याच्या संग्रहात सकाळच्या बाजू करड्या आहेत आणि संध्याकाळच्या जवळजवळ नव्या. एक-दोन नव्हे, बऱ्याच. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "तिला कित्येक वर्षं नाइट ड्यूटी होती. सकाळी सातला यायची आणि दार लावून झोपायची. आम्हाला ताकीद होती, अकरापर्यंत तिच्या खोलीकडे फिरकायचं नाही." आमच्या घरात आत्याच्या झोपेवर बरेच विनोद आहेत. ती झोपत नव्हती, निदान लगेच तरी नाही. रात्रभर इतरांचं बोलणं जोडून आल्यावर ती आवाज बारीक करून सकाळचा तोडी ऐकत होती, आणि वाड्यात आवाज लपत नसल्यामुळे आम्ही सोडून सगळ्यांना हे माहीत असणार.

बाबांनी ती एल.पी. हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट केली आणि म्हणाले, "मग मला का सांगितलं नाही? मीही ऐकलं असतं." वय वर्षं एक्क्याऐंशी. बहिणीवर रुसायला वेळ काळ लागत नाही.

तेव्हा करड्या राहणार. त्यांच्यासाठी नवऱ्याने हॉलमधल्या टीव्हीखाली उभे कप्पे करून घेतले आणि सुताराला पैसे देताना माझ्याकडे बघितलं नाही. लाखेच्या तबकड्यांचं मात्र अजून नक्की नाही. त्यांना वेगळी, जाड टोकाची सुई लागते, एल.पी.ची बारीक सुई त्यांच्या रुंद चरात तळाशी लोळते. त्या स्पिरिटने पुसायच्या नाहीत, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि गाणं कापसावर येतं. मुंबईत तबकड्या जमवणाऱ्यांची १९९० पासूनची संस्था आहे, आणि सिनेमाच्या असतील तर आपलं लॉ कॉलेज रोडवरचं चित्रपट संग्रहालय आहेच. पण कुणालाही द्यायच्या तर आधी यादी हवी: कंपनी, क्रमांक, लेबलचा रंग. ट्रकभर प्रेम कुठलीच संस्था घेत नाही. यादी मी आत्याच्या वहीवरून करते आहे आणि ती करताना तिच्या अक्षरासारखं माझं अक्षर होत चाललं आहे, असं मुलगी म्हणते.

यादीत एक रेकॉर्ड अशी निघाली की ती वहीत नाही. कव्हरच्या मागे चिकटवलेला कागद, त्यावर नारायण पेठेतला पत्ता आणि खाली ठसठशीत अक्षरात: 'ही तबकडी मालकाची आहे, नेणाऱ्याची नाही. बोटे फक्त कडेला लावावीत. आठ दिवसांत परत करावी. आठवण करून दिली जाणार नाही.' खरोखरच कुणी आठवण करून दिलेली दिसत नव्हती. दुसऱ्यांच्या नावापुढे लाल फुल्या मारणाऱ्या आत्याने स्वतः ही कधी नेली आणि का ठेवून घेतली, देव जाणे. ती करडी आहे, दोन्ही बाजूंनी.

तो पत्ता आता एका सहामजली इमारतीचा आहे. सोसायटीच्या ऑफिसातून नंबर मिळाला. फोन एका गृहस्थांनी घेतला. मी नाव सांगितलं, रेकॉर्डचं सांगितलं, उशिराबद्दल दिलगिरी व्यक्त केली. पलीकडे थोडा वेळ शांतता.

"टेलिफोनमधल्या बाई का? तुम्ही त्यांच्या कोण?"

"भाची."

"बरं झालं फोन केलात. आमच्या वडिलांनी त्यांच्या आणलेल्या चार इथे आहेत. कव्हरवर त्यांचं नाव, त्यामुळे टाकताही येईनात." मग मागे कुणाशी तरी बोलून पुन्हा फोनवर आले. "आणि आमच्या वडिलांच्याही आहेत दीडशेएक. आमच्या घरात कुणाला कळत नाही त्यातलं. तुम्ही गाणं शिकलायत ना? रविवारी या. टेम्पो घेऊनच या."