घराआधी अवजारांची खोली: नवव्या थरापर्यंत

मागच्या वेळी मी मोठ्या तोंडाने लिहिलं होतं की पुढची नोंद खिडकीच्या चौकटीची असेल. तसं झालेलं नाही. भिंत नऊ थरांवर आहे आणि त्यातले चार थर मी दोनदा बांधलेत. म्हणजे श्रम तेरा थरांचे, उंची नऊ थरांची.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मला स्वतःचं घर स्वतःच्या हाताने बांधायचंय आणि त्याआधी मी कधी थापी हातात धरलेली नव्हती. घराचा आराखडा, पायाची खोली, सळईचा हिशेब हे स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम, त्यात मी अंदाजाने काही करत नाही. पण हात बसवायचा तो थेट घरावरच, हे काही मनाला पटेना. म्हणून प्लॉटच्या कोपऱ्यात आधी चार बाय तीन मीटरची अवजारांची खोली. नऊ इंची भिंती, वर हलकं पत्र्याचं छप्पर, एक दार, एक खिडकी. हिचाही पाया इंजिनिअरने पाहूनच ठरवलाय. आठवड्यातले दोन दिवस एक जुने गवंडी सोबत असतात. मी त्यांना मामा म्हणते. ते फारसं बोलत नाहीत. ओळंबा (भिंत उभी सरळ आहे का ते बघायचा दोरीचा लोलक) लावतात आणि माझ्याकडे बघतात.

काटकोन

चार बाय तीन हे माप मी हुशारीने निवडलं होतं. कर्ण बरोब्बर पाच मीटर येतो, आकडेमोड नको. (विटेला ही हुशारी अजिबात मान्य नव्हती, ते पुढे येईलच.)

पहिल्या आखणीत चार मीटरच्या बाजूची दोरी ताणली, कोपऱ्यात लोखंडी गुण्या (काटकोनाची पट्टी) ठेवला आणि दुसरी दोरी त्याच्या कडेला लावून तीन मीटर लांब नेली. दिसायला झकास. मग कर्ण मोजले. एक 5.012, दुसरा 4.988. फरक 24 मिलिमीटर.

मनात आलं, फरक निम्मा करू, बाजू 12 मिमी सरकवू, झालं. कागदावर काढून पाहिलं तेव्हा कळलं की सरक 12 ची नाही, 15 ची आहे. कर्ण तिरका असतो, त्यामुळे या मापांत बाजू 1 मिमी सरकली तर कर्ण 0.8 मिमीनेच बदलतो. आता हे 15 मिमी आले कुठून? गुण्याचा पाय 30 सेंटिमीटरचा, बाजू त्याच्या दहापट. म्हणजे गुण्याच्या टोकाशी दोरी फक्त दीड मिलिमीटर हललेली होती. मी परत जाऊन गुडघ्यावर बसले आणि पाहिलं: कोपऱ्यात दोरीची डावी कड गुण्याला टेकलेली, टोकाशी उजवी. दीड मिलिमीटर ही त्या दोरीचीच जाडी होती!

तेव्हापासून गुण्या फक्त विटांच्या कोपऱ्यासाठी. आखणीला टेप, आणि त्रिकोण जागेत मावेल तेवढा मोठा. टेपच्या टोकाची कडी वाकते-सरकते म्हणून मी 10 सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजते. एकदा ते 10 वजा करायचे राहिले आणि कर्ण 5.10 आला. पाच मिनिटं मला वाटत होतं की जमीनच सरकलीय.

आणखी एक. खुंट्या अगदी कोपऱ्यावर मारू नका. चर खणताना पहिल्यांदा त्याच उखडतात. चराच्या कडेपासून मीटरभर बाहेर दोन-दोन खुंट्या, त्यांवर आडवी फळी, आणि दोरीच्या जागी फळीला करवतीची खाच. दोरी काढा, खणा, पुन्हा त्याच खाचेत ताणा. आज नवव्या थरावर असतानाही माझ्या खाचा शाबूत आहेत आणि खरं सांगायचं तर संपूर्ण साइटवर माझा सगळ्यात जास्त विश्वास त्यांच्यावरच आहे.

पाणसळ

जोत्याची पातळी पारदर्शक नळीने काढली. नळीची दोन्ही तोंडं उघडी असली की दोन्हीकडचं पाणी एका पातळीत येतं, इतकं साधं. मी चारही कोपरे फिरून पहिल्यावर परत आले तेव्हा माझ्याच पहिल्या खुणेशी 11 मिमीची तफावत. नळी जिथे दुमडून पडली होती तिथे हरभऱ्याएवढा हवेचा बुडबुडा अडकला होता. नखाने टिचक्या मारत तो वर काढला, पुन्हा फिरले, तफावत 1 मिमी. नळी नळाखाली भरली की असे बुडबुडे हमखास येतात. बादली उंचावर ठेवून, एक टोक पाण्यात बुडवून, दुसऱ्या टोकाने ओढून सावकाश भरली की फार कमी. चालताना तोंडं अंगठ्याने बंद, वाचताना दोन्ही उघडी. एक जरी बंद राहिलं तरी आकडा खोटा.

फिरून पहिल्या खुणेवर परत येणं मात्र सोडू नका. तसं केलं नसतं तर 11 मिमी भिंतीखाली गेले असते आणि मी ते प्रत्येक थरात मालाने भरत बसले असते.

वाळू

ही गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली आणि सगळ्यात जास्त आवडली.

माल 1:6 चा, म्हणजे एक माप सिमेंट, सहा माप वाळू. मी घमेली मोजून काटेकोर कालवत होते. तरी माल थापीला चिकटायचा, सांध्यातून बाहेर आलेला वाळला की त्यावर बारीक केसासारख्या भेगा. मामांनी चिमूटभर वाळू हातावर घेतली, दाबली, तिचा गोळा तसाच राहिला. "ताई, ही वाळू फुगलीय."

वाळू फुगते? घरी काचेची बरणी घेऊन बसले. ओलसर वाळू न दाबता 200 मिमी उंचीपर्यंत भरली. मग ती काढून, बरणीत पाणी घेऊन, हळूहळू परत टाकली, काठीने ढवळली, बसू दिली. उंची 160 मिमी. तीच वाळू, एक कणही कमी नाही! ओलसर असताना प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, तो कणांना एकमेकांपासून दूर धरतो. पूर्ण बुडाली की पापुद्र्याची ती पकड सुटते आणि कण खाली बसतात. पूर्ण कोरडी वाळू आणि पूर्ण बुडालेली वाळू जवळपास सारखीच जागा घेतात, मधली ओलसर अवस्थाच फसवी.

200 आणि 160 म्हणजे 25 टक्के फुगवटा. माझी सहा घमेली प्रत्यक्षात 4.8 घमेली होती. 1:6 समजून मी 1:4.8 चा माल लावत होते. सिमेंट वाया, आकुंचन जास्त, वर भेगा. आता साडेसात घमेली टाकते आणि पाऊस पडून गेला की पुन्हा बरणी काढते. त्याच बरणीत गाळही दिसतो. वाळू बसल्यावर वर जो मऊ चिकट थर राहतो तो. पहिल्या ढिगात तो इतका होता की ढीग परत पाठवला.

जोत्याच्या काँक्रीटलाही हाच धडा उलट्या बाजूने लागू. 50 किलोच्या पोत्याला 25 लिटर पाणी म्हणजे पाणी-सिमेंट प्रमाण 0.5, पण ओल्या वाळूतच प्रत्येक पोत्यामागे काही लिटर आधीच बसलेले असतात. ते वजा केले नाहीत तर माल छान ओघळतो आणि ताकद जाते. काँक्रीटवर संशोधन करणाऱ्या डफ अब्रम्स यांनी 1918 मध्येच दाखवून दिलंय की ताकद ठरते ती पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर. तरी फावडं जड लागलं की हात बादलीकडे जातोच. माझाही गेला होता, मामांनी बादली उचलून दुसरीकडे ठेवली.

चार मीटर आणि वीट

आता त्या हुशारीबद्दल. माझी वीट 230 बाय 110 बाय 70 मिमी. सांधा 10 धरला तर लांबीत 240 चा टप्पा, अर्ध्या विटेचा 120 चा. तीन मीटरच्या बाजूला साडेबारा विटा बसतात, 2990 मिमी, छानच. चार मीटरच्या बाजूला साडेसोळा विटा 3950, सतरा विटा 4070. माझं 4000 दोन्हीच्या मधे लटकलेलं. पहिल्या थरात शेवटी 50 मिमीची फट राहिली आणि मी तिथे विटेचा 40 मिमीचा चिपडा घुसवला. मामा आले, ओळंबासुद्धा काढला नाही, नुसते बघत उभे राहिले.

थर काढला. कर्णाच्या पाचासाठी सगळी खोली पुन्हा आखायची नव्हती, म्हणून 50 मिमी सांध्यांत वाटले. माझी भिंत इंग्लिश बाँडची, म्हणजे एक थर भिंतीच्या लांबीत ठेवलेल्या विटांचा (स्ट्रेचर), पुढचा भिंतीच्या जाडीत आडव्या घातलेल्या विटांचा (हेडर). स्ट्रेचर थरात 16 सांधे, प्रत्येक 13 मिमीचा झाला. हेडर थरात 33 सांधे, तिथे साडेअकरा. डोळ्याला कळत नाही. पण घराच्या आराखड्यात मी आता प्रत्येक भिंतीची लांबी 120 च्या टप्प्यात बसते का ते तपासतेय आणि जिथे बसत नाही तिथे इंजिनिअरना विचारतेय. कागदावर 50 मिमी सरकवायला खोडरबर पुरतं.

उरलेले तीन थर गेले ते क्लोजरमुळे. हेडर थरात कोपऱ्यातल्या विटेला लागून लांबीत चिरलेला अद्धा ठेवायचा असतो, क्वीन क्लोजर. तो मी गाळला, कारण लांबीत वीट चिरणं मला जमत नव्हतं, दर तीनातल्या दोन फुटायच्या. परिणाम असा की एकाआड एक उभा सांधा खालच्या सांध्यावर तंतोतंत आला. सांधेमोडच नाही. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं तर भिंतीवर उभ्या रेघा ओढल्यासारख्या दिसत होत्या. क्लोजर लावला की सांधा पाव विटेने सरकतो आणि पुढे सगळं आपोआप जुळतं. चिरायची युक्ती: वीट आधी भिजवायची नाही, चारही बाजूंनी छिन्नीने हलकी रेघ पाडायची, आणि वाळूच्या ढिगावर ठेवून मग एकच ठोका. आता तिनातली एक फुटते. भिजवायची ती नंतर, नाहीतर कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि सांधा पिठासारखा राहतो.

आजची स्थिती

थराची उंची 80 धरून एका सरळ लाकडी पट्टीवर खुणा केल्यात, ती प्रत्येक कोपऱ्यात लावून बघते. नऊ थर 720 ला हवेत. तीन कोपरे 720 ते 722, चौथा 729. त्या कोपऱ्यात मी संध्याकाळी काम करत होते, उजेड कमी आणि माल जास्त. पुढच्या तीन थरांत सांधे 8 वर आणून वरच्या 9 पैकी 6 मिमी मारायची, एकाच थरात नाही.

ओळंब्यात सगळ्यात वाईट जागा 4 मिमी बाहेर. वाऱ्यात लोलक डोलत राहतो म्हणून तो पाण्याच्या बादलीत सोडून वाचला, स्थिर होतो. सकाळ-संध्याकाळ पाणी मारणं सात दिवस चालू आहे, वर गोणपाट.

खिडकीचा तळ बाराव्या थरावर, 960 मिमीवर. अजून तीन थर. या वेळी तारीख सांगत नाही.