‘ओव्हरले’ला मराठी शब्द शोधताना

गेल्या पावसाळ्यात एका पाणलोट गटासाठी मी एक काम अंगावर घेतलं. क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर शिकवणारी 32 पानांची इंग्रजी पुस्तिका मराठीत आणायची होती. पुरंदर तालुक्यातल्या काही गावांतली कॉलेजची मुलं आणि बचत गटातल्या बायका ती समोर ठेवून आपापल्या गावचे नकाशे करणार होत्या. पंधरा दिवसांत होईल म्हणून मी हो म्हटलं. त्यातले नऊ दिवस एका शब्दाने खाल्ले. तो शब्द म्हणजे ओव्हरले, एका नकाशावर दुसरा नकाशा ठेवणं.

पहिल्या मसुद्यात मी ‘आच्छादन’ लिहिलं होतं. ‘उपग्रहचित्रावर गावनकाशाचं आच्छादन करा’, असं. शब्द भारदस्त, वाचायला बरा, आपला. मसुदा गावात वाचायला दिला आणि दोन दिवसांनी गटातल्या एका ताईंचा फोन आला. “मॅडम, सातव्या पानावर बागेचं काय आलंय? आच्छादन कशावर घालायचंय?” त्यांची अंजिराची बाग आहे. त्यांच्या रोजच्या बोलण्यात आच्छादन म्हणजे झाडाच्या बुडाशी अंथरलेला पालापाचोळा, पाचट, नाहीतर मल्चिंगचा कागद. ओल टिकावी, तणाला उजेड मिळू नये म्हणून घालतात ते. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. आच्छादनाचं काम झाकायचं, आणि आमच्या नकाशात तर खालचं दिसायलाच हवं होतं.

मग ‘अध्यारोपण’ लिहून पाहिलं. परिभाषेच्या अंगाने हा शब्द चांगला आहे, पण माझ्या कानाला दोन ठिकाणी अडला. एक तर त्यात ‘आरोप’ ऐकू येतो, आणि पुरंदरच्या पंचवीस बायकांना कोणी कोणावर काय आरोप केला हे समजावत बसायची माझी तयारी नव्हती. दुसरं असं की वेदान्तात अध्यारोप म्हणजे नसलेली गोष्ट असलेल्या गोष्टीवर लादणं. दोरीवर साप दिसतो तो अध्यारोप. नकाशावर नकाशा ठेवतो तो मात्र खरं काय आहे ते कळावं म्हणून.

शेवटी मी भाषांतर बाजूला ठेवलं आणि पुस्तिकेत सांगितलेलं काम स्वतः करून बघायचं ठरवलं. गावनकाशाची एक स्कॅन केलेली प्रत गटाकडे होतीच. शेजारच्या इमारतीत एक निवृत्त भूकरमापक राहतात, त्यांना विचारलं. काका लगेच आले, सोबत स्वतःचं भिंग घेऊन.

या कामाला जिओरेफरन्सिंग म्हणतात. जुन्या नकाशावरची एखादी ठळक जागा निवडायची, तीच जागा उपग्रहचित्रावर शोधायची आणि दोन्हीकडे टिचकी मारायची. अशा किमान तीन जोड्या झाल्या की सॉफ्टवेअर अख्खा नकाशा ताणून, फिरवून चित्रावर आणून ठेवतं. चौथ्या-पाचव्या जोडीपासून चूक किती राहिली तेही आकड्यात दिसतं. आम्ही सहा जागा घेतल्या आणि सरासरी चूक आली 14 मीटर. पुरंदरच्या बारीक बारीक तुकड्यांमध्ये 14 मीटर म्हणजे माझं शेत तुझ्यात.

काकांनी भिंग लावून स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, “ताई, तुम्ही ओढ्याचं वळण धरलंय. ओढा कुठे जागेवर राहतो? पन्नास-साठ पावसाळ्यांत किती काठ खाल्ला असेल त्याने. ती जागा काढा.” त्याऐवजी त्यांनी तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड घ्यायला लावला. तो शोधायला मला पाऊण तास लागला. झाडाच्या सावलीत एक पांढुरका ठिपका, बस्स. चूक 4 मीटरवर आली. राहिलेली चूक कागदाची असेल, म्हणाले. जुना नकाशा वर्षानुवर्षं घड्या घालून ठेवलेला, दमट हवेत फुगलेला, मग आक्रसलेला, आणि तोही सगळीकडे सारखा नाही.

त्या दुपारी काकांकडून बरंच ऐकलं. मुंबई इलाख्याच्या मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे 16 भाग, म्हणजे आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एकर. ही पद्धत ज्या मोजणीतून बसली ती गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 1835-36 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू केली. पुरंदर आणि इंदापूर एकाच जिल्ह्यातले! आपण आजही प्लॉटच्या जाहिरातीत गुंठे वाचतो ते त्या साखळीचे, हे मला पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं.

आणि याच गप्पांत शब्द सापडला. चूक 4 वर आल्यावर काका खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, “आता बसला.” मी विचारलं, काय बसलं? “नकाशा बसला. चढवायला काय, कसाही चढवता येतो. बसला पाहिजे.”

मी वही उघडली. चढवणे आणि बसवणे. इंग्रजीतल्या एका शब्दात या दोन क्रिया एकत्र कोंबलेल्या होत्या आणि मी दोन्हींसाठी मिळून एक नाम शोधत बसले होते. मराठीत हे काम क्रियापदं करतात. नुसता थर वर आणून ठेवायचा असेल तिथे ‘चढवा’, खुणेला खूण जुळवायची असेल तिथे ‘बसवा’. लेयरला ‘थर’. दहीहंडीमुळे थर कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

एकदा नजर अशी लागली की मग जिकडेतिकडे तेच दिसायला लागलं. देव्हाऱ्यावर चांदीचा पत्रा येतो ते मढवणं. पितळेच्या पातेल्याला कथिल लागतं ती कल्हई. दागिन्यावर सोन्याचं पाणी दिलं की मुलामा. चिरोट्याच्या पोळ्या साटा लावून एकावर एक ठेवतात आणि तळताना त्यांचे पदर सुटतात. इंग्रजी ओव्हरलेच्या पोटात यातलं बरंच मावतं. मराठी माणूस मात्र आधी विचारतो: काय लावलं, कशावर, आणि खालचं दिसतं की नाही? मला वाटतं हा शेवटचा प्रश्नच खरा. रस्त्यावर जुन्या डांबरावर नवा थर टाकतात, त्यालाही इंजिनिअर मंडळी ओव्हरलेच म्हणतात. तो झाकणारा. जुना थर खरवडून न काढता असे थर पडत गेले की रस्ता वर येतो आणि घरांचे उंबरे खाली जातात. पावसाचं पाणी मग कुठे शिरतं ते आमच्या गल्लीने दोन वर्षं सोसलं आहे. फोनमध्ये एका ॲपवर दुसरं ॲप स्वतःची खिडकी उघडतं तोही ओव्हरलेच, आणि बँकेच्या खऱ्या पानावर खोटं पान चढवून पिन चोरतात तो त्याचाच सगळ्यात वाईट प्रकार.

नकाशांचं तसं नाही. अमेरिकेत नियोजनकार इयन मॅकहार्ग यांनी 1960 च्या दशकात न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या एका रस्त्यासाठी हेच केलं होतं. पूर, जंगल, वस्ती, चढउतार, प्रत्येकाचा वेगळा पारदर्शक कागद. जिथे नुकसान जास्त तिथे गडद छटा. सगळे कागद एकावर एक ठेवले की जिथून उजेड सर्वांत जास्त येतो, तिथून रस्ता न्यायचा. ही गोष्ट मूळ पुस्तिकेत नव्हती, मी मराठीत चौकट करून घातली. माझ्या आईला लगेच कळली. ती टेबलक्लॉथवर नक्षी उतरवायची तेव्हा काच दोन पाटांवर टेकवायची, खाली बल्ब ठेवायची आणि नक्षीचा कागद कापडाखाली सरकवायची. रेघ कापडातून वर यायची. फिकट, कडेला जरा तांबूस. मी कोपरा धरून बसायचे, हलला की बोलणी खायचे. कोपरा हलला की नक्षी बसत नाही, हे मला सातव्या वर्षी माहीत होतं.

पुस्तिकेचं उरलेलं काम मग भराभर झालं. ओव्हरले नावाच्या हत्यारांचा एक गट सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यात दोन थर एकमेकांवर ठेवून त्यांतून तिसराच आकार कापून घेतात. तिथे शाळेतलं संचांचं गणित उपयोगी पडलं: छेद, संयोग. मुलांनी ते वर्गात शिकलेलं असतं. एक तळटीप मात्र मी हट्टाने ठेवली. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागा मोजायची पद्धत. पुरंदरसाठी तिचा 43 वा पट्टा निवडायचा, पण 78 रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे, 44 वा. पुस्तिका विदर्भात गेली आणि पट्टा चुकला, तर मोजमापं बिघडतील आणि दोष मराठीला लागेल.

प्रशिक्षण समाजमंदिरात झालं. एका टेबलावर फोन करणाऱ्या त्याच ताई होत्या. त्यांनी उपग्रहचित्र उघडलं, गावनकाशा चढवला, सात जागा जुळवून बसवला. मग वरच्या थराची पारदर्शकता कमीजास्त करायची पट्टी हळूहळू सरकवली. नकाशा विरत गेला, खालून शेतं वर आली. त्यांनी पट्टी परत मागे नेली. पुन्हा पुढे. तिसऱ्यांदा हात थांबला. नकाशावर दोन समांतर रेघा होत्या. चित्रात त्या जागी बांधापासून बांधापर्यंत सलग हिरवं पीक होतं.

“ही पाणंद आहे,” त्या म्हणाल्या. “माझी सासू हिच्यावरून विहिरीला जायची म्हणून सांगते.” मागच्या टेबलांवरच्या चार-पाच जणी उठून आल्या. एकीने विचारलं, “नकाशा कितव्या सालचा आहे?” आणि सगळ्या मिळून समासातलं पुसट साल वाचायला लागल्या.