दोन वायरी जळल्या, तिसरी कोरी

गणपतीत माझ्या रत्नागिरीच्या दुकानात इन्व्हर्टर, मिक्सर आणि मखराच्या माळा एवढंच येतं, रिमोटच्या गाड्या शक्यतो नाहीत कारण त्या पावसात कोणी बाहेर काढत नाही. यंदा गौरी-विसर्जन झाल्यावर पावसकडचे एक चाकरमानी आले, सोबत शाळकरी पुतणी, आणि काउंटरवर ठेवला मोठा मॉन्स्टर ट्रक. गणेशगुळ्याच्या किनाऱ्यावर जरा वेळ पळाला, जळका वास आला आणि बंद पडला. निदान ते घरूनच करून आलेले, मोटर शॉर्ट आहे, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) पण बदला, परवा मुंबईला निघायचंय.

गाडी थ्रीएस लायपोवर, म्हणजे तीन सेल एकामागे एक जोडलेल्या लिथियम-पॉलिमर बॅटरी पॅकवर चालणारी. जास्त वेळ पळावी म्हणून ह्यांनी 5000 एमएएचचे दोन पॅक वाय-वायरने पॅरलल जोडलेले, म्हणजे दोन पॅकच्या दोन फांद्या एकत्र येतात आणि एक फांदी ईएससीला जाते. यात वावगं काही नाही, पॅरललमध्ये व्होल्टेज तेच राहतं आणि क्षमतेची बेरीज होते. सिरीज केलं असतं तर 11.1 चे 22.2 व्होल्ट झाले असते आणि ती ईएससी जागच्या जागी गेली असती.

मी मोटरला हात लावला नाही, आधी वाय-वायर सोडवली. तिन्ही फांद्या एकाच जाडीच्या, त्या कामाला बारीकच. बॅटरीकडच्या दोन्ही फांद्यांचं प्लास्टिक वितळून तांबं दिसत होतं, एकीचा सांधा सुटायला आलेला. ईएससीकडची फांदी मात्र कोरी, नुसता सुरकुतीचा डागही नाही. आता बघा, मोटरने जास्त करंट ओढला असता तर दोन्ही पॅकचा मिळून करंट त्या तिसऱ्या फांदीतूनच गेला असता, म्हणजे सगळ्यात आधी तीच जळायला हवी होती. ती कोरी राहिली याचा अर्थ मोठा करंट मोटरकडे गेलाच नाही, तो एका पॅकमधून दुसऱ्या पॅकमध्ये गेला. मोटर आणि ईएससी बेंचवर वेगळ्या सप्लायवर लावून दाखवली, व्यवस्थित चालली.

त्यांचं एकच म्हणणं, दोन्ही पॅक रात्री चार्ज केलेले, मग असं होईलच कसं? मी विचारलं रात्री लाइट गेलेली का, तर ते नाही म्हणाले आणि पुतणी पटकन बोलली, "गेलेली ना काका, आरती चालू होती तेव्हा. आली थोड्या वेळाने." झालं. हे चार्जर लाइट परत आल्यावर बहुतेक वेळा आपणहून चार्जिंग सुरू करत नाहीत, नुसता मेन्यू दाखवत बसतात, आणि सकाळी स्क्रीन उजळलेली बघून माणूस समजतो झालं चार्ज. पहिला पॅक 12.6 व्होल्टला, म्हणजे पूर्ण चार्जला पोचलेला, दुसरा अर्ध्यात राहिलेला, धरा 11.3. फरक 1.3 व्होल्ट. ऐकायला काहीच नाही, पण लायपोचा अंतर्गत रेझिस्टन्स इतका कमी की दोन पॅक आणि वायरी धरून 30 मिलिओहमच्या आसपास येतो, म्हणजे जोडल्याक्षणी चाळीसएक अँपिअर. जो पॅक 5 अँपिअरने चार्ज करायचा त्याच्यात हे गेलं. आणि त्यांनी पॅक घरीच जोडले, स्विच बंद म्हणून निर्धास्त गाडी डिकीत टाकून किनाऱ्यावर गेले. पॅरलल जोडलेल्या पॅकमध्ये तो स्विच मधे येतच नाही हे वायर विकणाऱ्याने कुठेतरी छापायला नको? स्वस्तात कोणालाही विकतात, पाकिटावर सूचनेची एक ओळ नाही, ह्याचा मला मनापासून राग आहे.

मी स्वतः वाय-वायर बनवतो ती 12 गेजच्या सिलिकॉन वायरची, दोन्ही फांद्या एका लांबीच्या, म्हणजे करंट सारखा वाटला जातो. एक्सटी60 कनेक्टरला (पॅक जोडायच्या पिवळ्या प्लगला) सोल्डर करताना समोरचा जोडीदार कनेक्टर आत घालून ठेवायचा, नाहीतर उष्णतेने नायलॉन मऊ पडून पिना तिरक्या होतात. आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पिनांवर हिरवट थर चढतो, एका फांदीचा रेझिस्टन्स वाढला की दुसरा पॅक एकटाच राबतो, तेव्हा पिना आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, ब्लेडने पिनेची खाच जराशी फाकवा. जोडायच्या आधी दोन्ही पॅकचा प्रत्येक सेल चेकरवर (सेलचं व्होल्टेज दाखवणाऱ्या छोट्या मीटरवर) बघायचा, सेलमागे 0.05 व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर मी जोडत नाही. चार्जिंगलाही पॅरलल बोर्ड (एका चार्जरवर अनेक पॅक लावायची पट्टी) वापरत असाल तर आधी जाड मेन वायरी जोडा, मग प्रत्येक सेलकडून येणाऱ्या बॅलन्सच्या, कारण बॅलन्सच्या वायरी केसासारख्या, तो करंट त्यांच्यातून गेला तर त्या पेटतात.

खरं भांडण पुढे झालं. ज्या पॅकने करंट गिळलेला त्याच्या दोन सेलचा अंतर्गत रेझिस्टन्स 5 मिलिओहम आणि तिसऱ्याचा 19, म्हणजे तो सेल खराब, त्या बाजूला बोट लावलं की किंचित फुगीर लागायचं. पण चेकरवर तिन्ही सेल सारखेच, 3.8 व्होल्ट. ते म्हणाले, "सगळे आकडे सारखे आहेत, चांगला पॅक फेकायला सांगताय?" मी कारच्या हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब लावून दाखवला, दोन सेल जेमतेम हलले, तिसरा 0.1 व्होल्टने खाली आला. मी म्हटलं बल्बवरच पूर्ण रिकामा करतो आणि विल्हेवाट लावतो, पैसे नकोत. नाही म्हणाले. महागाचा पॅक आहे हे मला कळतं, पण माणसांनी आणि सामानाने भरलेली गाडी मुंबई-गोवा हायवेवरून रात्रीची जाणार आणि त्यात हा पॅक, हे मला झेपत नव्हतं. वस्तू त्यांची, मी ठेवून घेऊ शकत नाही. शेवटी पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू भरून त्यात ठेवून दिला, डब्याचं झाकण सैल ठेवा, वायू कोंडला तर डबाच फुटेल, हे दोघांना सांगितलं. काकांनी मान हलवली, पुतणीने वहीत लिहून घेतलं.

पोचल्याचा मेसेज आला, मग चार दिवसांनी "पॅक मस्त चालतोय" असा. मी लिहिलं चार्ज झाल्यावर तिन्ही सेलचा फोटो पाठवा. फोटो आला, बहुतेक पुतणीनेच काढलेला, 4.20, 4.20, 4.13. लगेच फोन केला, उचलला नाही, म्हणून लिहिलं की बॅलन्स चार्ज (तिन्ही सेल एका पातळीला आणणारं चार्जिंग) करूनही तिसरा सेल मागे राहतोय, आता हा पॅक परत चार्जरला लावू नका, दुसऱ्याशी जोडू तर अजिबात नका. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. वस्तू ग्राहकाची असली तरी असा पॅक दुकानातून बाहेर जाऊ द्यावा का, हे तुमच्यापैकी जे हे काम करतात ते कसं ठरवतात?