समुद्र पूर्वेला असतो तेव्हा

मी टूर मॅनेजर आहे, बहुतेक सीनियर सिटिझन ग्रुप नेते. जानेवारीत बावीस जणांना घेऊन पाँडिचेरीला होते तेव्हाची गोष्ट. हे गाव मला फार आवडतं कारण इथे बस सोडून चालता येतं. समुद्राकडचा व्हाइट टाउन म्हणजे पाटीवर रेघा मारल्यासारखे सरळ रस्ते, १६९३ ते १६९९ गाव डचांच्या ताब्यात होतं तेव्हाच ही आखणी झाली आणि पुढे फ्रेंचांनी तीच ठेवली. रु द्युमा, रु सफ्रें असे काही रस्ते समुद्राला समांतर, बाकीचे त्यांना काटकोनात, त्यामुळे समुद्राकडे जाणारा कुठलाही आडवा रस्ता धरा, थोड्या वेळात लाटा दिसतातच. गुडघे दुखणाऱ्यांनासुद्धा झेपतं.

म्हणून संध्याकाळी मनकुला विनायगरचं दर्शन झाल्यावर मी सगळ्यांना नेहमीसारखं सांगितलं, चुकामूक झाली तर घाबरू नका, सरळ समुद्रावर या, गांधींच्या पुतळ्यापाशी भेटू. आठ उंच दगडी खांबांच्या मधोमध पुतळा आहे, चुकूच शकत नाही. एवढंच सांगितलं.

पावणेसहाला पुतळ्यापाशी मोजलं तर एकवीस. गुहागरचे काका नव्हते. काकू म्हणाल्या, "ते पुढे निघाले गं, चपला मिळाल्या तशा. म्हणाले मी समुद्रावर जातो." फोन? तो काकूंच्या पर्समध्ये.

काका एकाहत्तर वर्षांचे, बीपीची गोळी चालू, तमिळ येत नाही, इंग्रजी जेमतेम. मंदिर ते पुतळा रमतगमत आलं तरी दहा मिनिटं, आणि त्यांना निघून अर्धा तास झालेला. मी दोघांना पुतळ्यापाशी बसवून बीच रोडच्या एका टोकापर्यंत जाऊन आले, मग दुसऱ्या टोकाला. लाल टोपीवाल्या पोलिसाला मोबाईलवर काकांचा फोटो दाखवला, त्याने लगेच पुढच्या माणसाला कळवलं. सहा वाजले आणि बीच रोडवर बॅरिकेड लागले, संध्याकाळी सहा ते सकाळी साडेसात तिथे गाड्या बंद असतात, म्हणजे आता बसही इथवर येणार नाही. माझे हात गार पडले होते, खरंच.

काकू मात्र समुद्राकडे तोंड करून कठड्यावर बसलेल्या. मला वाटलं काळजीत आहेत, म्हणून जवळ गेले, तर त्या म्हणाल्या, "सूर्य का दिसत नाही गं अजून? बुडायची वेळ झाली ना?"

मी मागे वळून पाहिलं. पिवळ्या भिंतींच्या मागे सगळं आकाश लाल झालेलं.

तिथेच कळलं. काकांचा अख्खा जन्म कोकणात गेला, त्यांच्यासाठी समुद्र म्हणजे मावळती, हे काही विचार करून ठरवायचं नसतं, पायांनाच माहीत असतं. मंदिरातून बाहेर पडल्यावर त्यांनी सूर्य बघितला आणि तिकडे चालायला लागले. पाँडिचेरीचा समुद्र पूर्वेला. ते प्रत्येक पावलागणिक लांब जात होते आणि त्यांना वाटत होतं आपण बरोबर चाललोय!

मी काकूंना सांगितलं इथून हलू नका, आणि सरळ पश्चिमेला धावत सुटले. व्हाइट टाउन आणि तमिळ वस्ती यांच्या मधून कालवा जातो, तो ओलांडला की गावच बदलतं, शांत गल्ल्या संपतात आणि नेहरू स्ट्रीटची दुकानं, स्कूटर, हॉर्न, सगळं एकदम अंगावर येतं. दोन्ही बाजूंना बघत, प्रत्येक पायरी तपासत गेले. मिशन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर काका बसलेले. शर्ट घामाने भिजलेला, हातात मंदिरातलं फूल अजून तसंच. कुणीतरी पाणी दिलं होतं, बाटली शेजारी.

"अगं पोरी, किती लांब ठेवलाय यांनी समुद्र! लोक सारखं मागे बोट दाखवतायत. मला वाटलं त्यांना कळत नाहीये."

मी शेजारी बसले. आधी त्यांचा श्वास खाली बसू दिला, मग सांगितलं की काका, इथे समुद्र उगवतीला आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, नुसतं आकाशाकडे बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "हे आधी सांगायला पाहिजे होतंस."

सांगायलाच पाहिजे होतं. नकाशा दिला, पुतळा सांगितला, हॉटेलचं कार्ड प्रत्येकाच्या खिशात घातलं, पण हॉटेलचा पत्ता त्यांना विचारायचाच नव्हता, कारण आपण चुकलोय असं त्यांना वाटतच नव्हतं. आता पूर्व किनाऱ्यावर कुठेही ग्रुप नेला की बसमधून उतरायच्या आधी पहिलं वाक्य हेच असतं माझं, आणि उतरल्यावर हात करून दाखवते पण.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला काकांनीच दार वाजवलं. प्रोमेनाडवर गाड्या नव्हत्या, नुसती चालणारी माणसं आणि खाली काळ्या दगडांवर आपटणाऱ्या लाटा. साडेसहाच्या सुमारास पाण्यातून सूर्याची कड वर आली तसे काका उभे राहिले, हात जोडले. काकूंनीही जोडले. मग समुद्राकडे तोंड ठेवूनच त्यांनी डावा हात लांब केला आणि मला विचारलं, "म्हणजे इकडे उत्तर, ना? घरी ती उजवीकडे असते."

म्हटलं, हो काका, बरोबर.

"मग आज मी पुढे चालतो," म्हणाले, आणि निघाले.