फॉसिल गावच्या पानाची ओळख : आतापर्यंतची प्रगती

नाशिकच्या खाणीतील स्टिल्बाइट या खनिजाचा एक चांगला नमुना देऊन अदलाबदलीत मिळवलेल्या जीवाश्म पानाच्या ठशाची ओळख आता ‘क्वेर्कस’, म्हणजे ओक वृक्षांच्या प्रजातीपर्यंत (जातींच्या गटापर्यंत) आली आहे. ठसा असलेला हा शेलचा (थराथरांनी फुटणाऱ्या खडकाचा) तुकडा अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात, फॉसिल नावाच्याच गावी शाळेमागील टेकडीवरचा असून ते थर सुमारे ३.३ कोटी वर्षांपूर्वी, ओलिगोसीन काळात, ज्वालामुखीची राख तळ्यात साचून तयार झाले. आपल्या बेसाल्टमध्ये ओक शोधण्यात अर्थ नाही, कारण दख्खनचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत आणि ओकचे आजवरचे सर्वांत जुने परागकण, ऑस्ट्रियातले, सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

पानाचा आकार अरुंद, भाल्यासारखा आहे. पण आकारावर विसंबू नये, कारण एकाच ओकवर उन्हातली आणि सावलीतली पाने निरनिराळी निघतात आणि त्यामुळेच जुन्या अभ्यासकांनी एकाच जातीला अनेक नावे दिली. म्हणून टॉर्चचा प्रकाश तिरपा पाडून भिंगाखाली फक्त शिरा आणि कडा तपासल्या. मध्यशिरेपासून निघालेली दुय्यम शीर सरळ पानाच्या कडेवरील दाताच्या टोकाशी जाऊन संपते. त्याच थरांत विपुल असलेल्या पॅराकार्पिनस या लुप्त झाडाच्या पानाला मोठ्या दातांमध्ये बारीक दात असतात, ते येथे नाहीत. बीच या झाडाच्या पानाचे दात याहून बुटके असतात. खरी अडचण चेस्टनट या झाडाच्या पानाची आहे, कारण त्याचीही शीर दातातच संपते. मात्र चेस्टनटमध्ये शिरा एकसारख्या अंतरावर असतात आणि दात जवळजवळ देठापर्यंत येतात, तर या पानात अंतरे असमान आहेत आणि दात वरच्या अर्ध्या भागातच आहेत. हा पुरावा मला पुरेसा वाटतो, तरी निर्णायक म्हणणार नाही. पृष्ठत्वचा (पानाचा बाह्य पापुद्रा) टिकली असती, तर तिच्यावरील केसांच्या खुणांनी प्रश्न अधिक नीट सुटला असता, परंतु येथे केवळ ठसा आहे.

त्या थरांतील ओकची नामांकित लुप्त जाती म्हणजे अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ न्यूबेरी यांनी वर्णिलेली क्वेर्कस कन्सिमिलिस. तिच्याशी साम्य आहे, म्हणून चिठ्ठीवर तूर्त ‘क्वेर्कस, कन्सिमिलिससदृश’ एवढेच लिहिले आहे. शेल फुटताना पानाचा ठसा दोन्ही फळ्यांवर उमटतो. दुसरी फळी अजून देणाऱ्याकडेच आहे. देठाजवळची कडा तिच्यावर स्पष्ट असेल, तर त्या भागाचे छायाचित्र मागवून दातांची मोजणी पुन्हा करणार आहे.