कथा आधी हातात पडू द्या

कथालेखनाच्या कार्यशाळेत बहुतेक वेळ भाषणांत जातो. उद्घाटन, पाहुण्यांचा परिचय, मग ‘कथा म्हणजे काय’ यावर दीड तास, जेवणानंतर आणखी एक व्याख्यान. नांदेड, परभणी, लातूर, अंबाजोगाई, कुठंही घ्या, लिहिणारी पोरंपोरी खेड्यापाड्यांतून एस.टी.नं येतात आणि पिशवीतली कथा तशीच न उघडता परत नेतात. याचं फार वाईट वाटतं, कारण हे बदलायला पैसा लागत नाही, तयारी लागते.

पहिलं म्हणजे माणसं कमी घ्या. बारा पुरेत. प्रत्येकाची कथा अडीच हजार शब्दांच्या आत हवी आणि ती किमान दहा दिवस आधी सगळ्यांपर्यंत गेली पाहिजे. टायपिंग युनिकोडमध्ये करा आणि पीडीएफ पाठवा. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली फाईल तशीच पाठवली की समोरच्याच्या मोबाईलवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. भिडेपोटी तो सांगत नाही आणि न वाचताच येतो. कागदावर वाचणाऱ्यांना झेरॉक्स द्या, पण ओळींत दुप्पट अंतर ठेवून, म्हणजे पेन्सिलीनं खुणा करायला जागा राहते.

बैठकीची एक चांगली रीत विज्ञानकथाकारांनी घालून दिली आहे. १९५६ साली अमेरिकेत मिलफर्ड या गावी डेमन नाइट आणि त्यांचे सोबती जमले, तिथं ती रुजली. पुढं १९६८ साली सुरू झालेल्या क्लॅरियन कार्यशाळेनं तीच चालवली. सगळ्यांनी गोल बसायचं, एकेकानं बोलायचं आणि ज्याची कथा आहे त्यानं तोवर तोंड उघडायचं नाही. अकरा जणांना दोन-दोन मिनिटं दिली तर बावीस मिनिटं होतात, शेवटी लेखकाला पाच. अर्ध्या तासात एक कथा होते, दिवसाला सहा, दोन दिवसांत बाराही.

लेखकानं गप्प बसणं हाच यातला कस आहे. ‘मला तिथं असं म्हणायचं होतं’ हे वाक्य एकदा आलं की चर्चा कागदावरच्या कथेची राहत नाही, मनातल्या कथेची होते. दिवाळी अंकात कथा वाचणाऱ्याच्या शेजारी लेखक बसलेला नसतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे वडीलधाऱ्यांचा मान. गोलात एखादे जाणते सर असतील आणि ते आधी बोलले, तर पुढचे सगळे ‘सर म्हणाले तसंच’ म्हणतात. म्हणून सरांना विनंती करून शेवटची पाळी द्यावी. ‘भाषा ओघवती आहे’ या शेऱ्याचाही लेखकाला उपयोग नाही. वाचताना कुठं थांबलो, कुठं मागं जाऊन पुन्हा वाचावं लागलं, कुठं पुढचं आधीच कळलं, एवढं पानाच्या आकड्यासह सांगा.

विज्ञानकथेत वाचक हमखास पहिल्याच पानावर थांबतो. ‘इ.स. २०७५. भूजल पातळी धोकादायकरीत्या खालावली होती. शासनाने जलनियंत्रण प्राधिकरण स्थापन केले होते...’ असं दोन पानं चालतं आणि माणूस तिसऱ्या पानावर भेटतो. त्याऐवजी एवढंच लिहून बघा: ‘टँकर आला तेव्हा रांगेत घागरी नव्हत्या, नुसती कार्डं होती. आजीनं तिचं कार्ड पदराला बांधलं होतं.’ काळ कळला, टंचाई कळली आणि आजीही भेटली. प्राधिकरणाचं नाव लागलं तर पुढं कुणाच्या तरी तोंडी येईलच.

बोलीचंही तसंच. एकाच माणसाच्या तोंडी एका ओळीत ‘काय करायलास’ आणि चार ओळींनंतर ‘काय करतो आहेस’ आलं की पात्र मोडतं. कथा मोठ्यानं वाचली की हे लगेच कानाला खटकतं. पण दुरुस्ती म्हणजे बोली पुसून प्रमाणभाषा करणं नव्हे. उदगीरकडचा माणूस बीडकडच्यासारखा बोलत नाही, तेव्हा एक गाव धरा आणि तिथलीच बोली शेवटपर्यंत ठेवा.

आता बक्षिसांबद्दल. विज्ञानकथा, गूढकथा, भयकथा वाचणारे भरपूर, पण बहुतेक पुरस्कारांत कथा, कादंबरी, कविता एवढेच रकाने. त्यामुळं मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेचं मोल मोठं आहे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा तिथं नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली. आद्याक्षरं स्वतःचीच, फक्त उलटी. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं ते कथेला.

स्पर्धकाचं नाव झाकण्याची ही काळजी खरं तर आयोजकांनी घ्यायला हवी. नाव-पत्ता वेगळ्या कागदावर घ्यावा, कथेला फक्त क्रमांक द्यावा. फाईलच्या नावात आणि तिच्या माहितीच्या रकान्यात लेखकाचं नाव राहून जातं, तेही काढावं. साठ कथा आल्या तर दीड लाख शब्द होतात. मिनिटाला दीडशे शब्द धरले तरी एका परीक्षकाचे जवळपास सतरा तास नुसत्या एका वाचनात जातात. आठ दिवसांत निकाल मागितला की शेवटच्या वीस कथा चाळल्या जातात. त्यापेक्षा पहिल्या फेरीत प्रत्येक कथा दोघांनी वाचावी आणि परीक्षकाकडं निवडक पंधराच जाव्यात.

‘प्रथम क्रमांक विभागून’ ही पळवाट मला पटत नाही. विज्ञानकथांसाठी १९५३ पासून वाचकांच्या मतांवर दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्काराच्या मतपत्रिकेवर ‘कुणालाच नको’ असाही पर्याय असतो. आपल्या स्पर्धांच्या नियमांतही तो लेखी असावा. आणि निकालासोबत प्रत्येक स्पर्धकाला, बक्षीस असो वा नसो, त्याच्या कथेबद्दल परीक्षकांच्या दोन ओळी पाठवाव्यात. साठ कथांच्या एकशेवीस ओळी होतात. एका दुपारचं काम आहे.