बेसनचा कॉर्नेट

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी हा कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटच्या जातीचं पितळी फुंकवाद्य, दिसला. दोन बंद घड्याळं आणि एक पाटा यांच्यामध्ये कुशीवर पडला होता. भोंग्याला पोचे, सूर बदलायला दाबायचे पिस्टन गच्च बसलेले. विकणारा भाव सांगत होता तो पितळेच्या वजनावर. वाजवता मला शिट्टीसुद्धा येत नाही, तरी घेतला.

घरात पाऊल टाकताच आई चिंच भिजवायला निघाली. तिला कसंबसं थोपवून मी मास्तरांना गाठलं. मास्तरांची उमर लग्नाच्या बँडात गेली. आता वाजवत नाहीत, दुरुस्त्या करतात. त्यांनी रॉकेलच्या बोळ्यानं भोंग्यावरचा काळा थर पुसला आणि म्हणाले, "अहो, हा बेसन आहे!"

आई म्हणाली, "मग मंद आचेवर भाजा म्हणावं."

बेसन हे वाद्यं बनवणाऱ्याचं नाव, मूळ उच्चार बेसाँ. गुस्ताव ऑग्युस्त बेसाँ, जन्म १८२०, गाव पॅरिस. शंकूच्या आकाराच्या पोलादी दांड्यांवर नळ्या घडवायची पद्धत त्यानं बसवली. त्यामुळे एक कॉर्नेट दुसऱ्यासारखाच निघू लागला. या पद्धतीला त्यानं नाव दिलं 'प्रोटोटाइप', आणि तो शब्द माझ्या भोंग्यावरही आहे. सॅक्सोफोनवाल्या ॲडॉल्फ सॅक्सशी पेटंटवरून त्याचे कोर्टकज्जे झाले, ते अंगाशी आले आणि १८५० च्या दशकाच्या अखेरीस गडी लंडनला निघून गेला. पॅरिसचा कारखाना बायकोकडे राहिला. तिचं नाव फ्लोरेंतिन.

मास्तरांनी पोचे काढायला घेतले. आतून पोलादी गोळा फिरवायचा, बाहेरून गुळगुळीत सळईनं दाबत न्यायचं. घाई केली तर पितळ फाटतं. सुटलेल्या सांध्याला डाग दिला, पिस्टन दोन दिवस रॉकेलात बुडवून ठेवले. मी शेजारी बसून अक्षरं लावत होतो: १९८, यूस्टन रोड, लंडन. वर 'एफ. बेसाँ'. गुस्तावच्या नावात 'एफ' कुठून आला? तो फ्लोरेंतिनचा. त्याखाली 'ब्रेव्हते', म्हणजे पेटंटधारक, आणि शेवटी एक जादा 'ई'. फ्रेंचमध्ये हे स्त्रीलिंगी रूप. म्हणजे पेटंटधारिणी! गुस्ताव १८७४ मध्ये गेला, पुढं मुलगी मार्थनं कारभार पाहिला, तिच्या नवऱ्याचं आडनाव जोडून पॅरिसची पेढी 'फोंतेन-बेसाँ' झाली. भांडण बाप्यांचं आणि शिक्का बाईचा. मला ती जादा 'ई' अख्ख्या कॉर्नेटपेक्षा आवडली.

दुरुस्ती झाल्यावर मास्तरांनी स्वतःची मुखनळी लावून फुंकर मारली. आवाज गोल, मऊ. ट्रंपेटसारखा कानात घुसणारा नाही. आईनं कौतुकानं पेटी काढली आणि तिथंच घोटाळा झाला. कॉर्नेट पेटीपेक्षा चढा! जवळजवळ अर्ध्या सुराच्याही निम्म्यानं. मास्तरांनी सूर उतरवायला स्लाइड, म्हणजे सरकती नळी, बाहेर ओढली, तर पिस्टन दाबून येणारे सूर भलतीकडे जायला लागले.

दोष दुरुस्तीचा नव्हता. विलायती बँडांचा सूरच तेव्हा चढा असे. आज आपण 'ए' हा सूर सेकंदाला ४४० कंपनांचा धरतो, त्यांचा ४५२ च्या आसपास होता, आणि ब्रास बँडांनी तो पार १९६० च्या दशकापर्यंत सोडला नाही.

मी हिरमुसलो. मास्तर मात्र कॉर्नेटला फडकं मारत म्हणाले, "वरातीत पेटी कोण घेऊन येतंय?"